स्वस्त तयार कॉम्प्युटर की पार्ट निवडून जोडलेला: सोलापुरात पैसे घालण्याआधी आणि घातल्यावर

जाहिरात साधारण अशी असते: ‘आय५ कॉम्प्युटर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, मॉनिटर-कीबोर्ड-माऊससकट, एक वर्ष वॉरंटी.’ किंमत बारा ते पंधरा हजार. त्याच दुकानात नव्या सुट्या पार्टचं कोटेशन मागितलं की आकडा दुप्पट-तिप्पट होतो आणि घरात वाद सुरू होतो, नाव तेच, रॅम तेवढीच, मग जादा पैसे कशाचे?

प्रश्न रास्त आहे. जाहिरातीत न लिहिलेल्या चार गोष्टी विचारल्या की उत्तर मिळतं: प्रोसेसरचा पूर्ण नंबर, मदरबोर्डचा चिपसेट (बोर्डवर कोणता प्रोसेसर चालेल ते ठरवणारी चिप), रॅमचा प्रकार आणि एसएमपीएसच्या, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, लेबलवरचे आकडे. स्वस्ताई निघते ती याच चार ठिकाणांहून. आणि सोलापूरसारख्या गावात, म्हणजे बेचाळीस अंशांचा उन्हाळा, व्होल्टेजचे चढउतार आणि हवेत सुताचे तंतू असताना, यातला शेवटचा मुद्दा पहिल्या तिन्हींपेक्षा जड पडतो.

आय५, पण कोणत्या सालचा?

इंटेलच्या जुन्या-नव्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नंबरातले शेवटचे तीन आकडे झाकायचे, उरते ती पिढी. आय५-२४०० दुसऱ्या पिढीचा, २०११ चा. आय५-३४७० तिसऱ्या पिढीचा, २०१२ चा. आय५-८५०० आठव्या पिढीचा, २०१८ चा. आय५-१२४०० बाराव्या पिढीचा, २०२२ चा. चौघांनाही ‘आय५’ म्हणणं खोटं नाही, पण बाराव्या पिढीचा साधा आय३-१२१००सुद्धा तिसऱ्या पिढीच्या आय५ला आरामात मागे टाकतो.

बारा-पंधरा हजारांच्या मशीनमध्ये बहुधा ऑफिसांतून निघालेले दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर असतात. त्यांच्यासाठी एच६१ चिपसेटचे बोर्ड आजही बिननावाने नव्याने बनतात. चिपसेट २०११ चा, बोर्ड मात्र काल पॅक झालेला, त्यामुळे दुकानदार ‘नवीन’ म्हणतो तेही एका अर्थी खरंच. रॅम डीडीआर३, ती पुढच्या कोणत्याही नव्या बोर्डवर चालणार नाही.

खरी अडचण विंडोजची. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडी कंपनीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर लागतो. जुन्या मशीनवर ते आडवाटेने घालून देतात, चालतंही, पण पुढच्या मोठ्या अपडेटला अडलं तर जबाबदारी कोणाची नसते. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचं रिटर्न होणार, त्यावर हा जुगार नको.

‘गेमिंग पीसी’ नावाने मिळणाऱ्या स्वस्त सेटमध्ये बहुतेक वेळा जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड असतं, २०१४ चं. चालू प्रोसेसरमध्ये अंगचं जे ग्राफिक्स येतं तेही त्याच्या तोडीचं किंवा वरचं असतं. जुन्या कार्डाचं बायोस (चिपमध्ये भरलेलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून त्याला नवं नाव दिलेलेही प्रकार बाजारात फिरतात. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम उघडला की अशा कार्डाच्या नावाआधी ‘फेक’ असा शब्द येतो. दुकानातच उघडून बघा.

मधल्या दोन वाटा

वाद सहसा ‘स्वस्त तयार’ विरुद्ध ‘असेंबल’ असा होतो, पण मध्ये दोन पर्याय आहेत आणि बऱ्याच जणांचं काम तिथेच भागतं.

एक, कंपनीचा ब्रँडेड डेस्कटॉप. त्यात अस्सल विंडोज येतं. सुटं विकत घ्यायला गेलं तर तोच परवाना काही हजारांचा आहे, हे तुलना करताना विसरू नका. तक्रार केली की कंपनीचा माणूस तुमच्या जागेवर येतो, पण ती वॉरंटी ‘ऑनसाइट’ आहे का आणि सोलापूरच्या पिनकोडला लागू आहे का, हे आधी विचारा. उणं काय? रॅमची एकच कांडी, मोजून-मापून दिलेला एसएमपीएस आणि वाढवायला जागा कमी.

दुसरा पर्याय रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेल्या पण तपासून-दुरुस्त करून विकलेल्या, ऑफिस मशीनचा: डेलचं ऑप्टिप्लेक्स, एचपीचं एलिटडेस्क, लेनोव्होचं थिंकसेंटर. आठव्या पिढीचं किंवा पुढचं असेल तर टॅलीचं बिलिंग, सेवा केंद्र, शाळा-कॉलेजचा अभ्यास, हे सगळं त्यावर सुरळीत चालतं. आमचं स्पष्ट मत असं, की वीस हजारांच्या आत बजेट असेल तर जोडणीच्या नादी लागू नये, हीच मशीन शोधावी. घेताना ‘टॉवर’ आकाराची घ्या. आडव्या छोट्या डब्यात पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही . टॉवर असला तरी या कंपन्यांच्या बऱ्याच मॉडेलांचा एसएमपीएस खास पिनांचा असतो, तो जळला की बाजारातला साधा बसत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम उघडून डिस्क किती तास चालली आहे ते पाहा. ‘नवीन एसएसडी’ म्हणून दिलेल्या डिस्कचे तास चार आकडी निघाले, तर ती नवी नाही.

मग पार्ट निवडून जोडायचं कोणी? ज्यांचं काम मशीनला घाम फोडतं त्यांनी. चादर-टॉवेलची जेकार्ड डिझाइनं, युनिफॉर्मच्या धंद्यातलं कटिंगचं मार्कर, फ्लेक्स आणि लग्नपत्रिकेचं कोरलड्रॉ, लग्नाचं व्हिडिओ एडिटिंग, गेमिंग. आणि ज्यांना तीन वर्षांनी फक्त रॅम किंवा कार्ड बदलून तेच मशीन पुढे रेटायचं आहे त्यांनी.

एसएमपीएस: लेबल वाचायला शिका

कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणाऱ्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ असं ठळक छापलेलं असतं. ते सोडा. बाजूच्या लेबलवर बारीक अक्षरांत तक्ता असतो, त्यातलं १२ व्होल्टचं खानं पाहा. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही जवळपास सगळी वीज या १२ व्होल्टवरूनच घेतात. तिथे १४ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. झाला तुमचा ‘४५०’ चा एसएमपीएस. चांगल्या ४५० वॅटच्या युनिटवर त्याच खान्यात ३५-३६ अँपिअर दिसतात, म्हणजे ४२० ते ४३२ वॅट.

दुसरी खूण वजनाची. हातात घेतला की हलका डबा लगेच कळतो. आत कॉइल बारीक, हीटसिंकचे पत्रे पातळ आणि वीज आत येते तिथला फिल्टर लावलेलाच नसतो, बोर्डवर त्याची नुसती रिकामी भोकं दिसतात. असा डबा जळतो तेव्हा एकटा जळेलच असं नाही, कधी बोर्ड आणि डिस्क दोन्ही सोबत नेतो. डिस्कवर पाच वर्षांची डिझाइनं असतील तर तो ‘वाचवलेला’ हजार-दोन हजार रुपया किती महाग पडला याचा हिशेब करायला नको.

किती वॅट लागतात ते असं काढा. आय५-१२४०० जोरात चालताना ११७ वॅटपर्यंत जातो. आरटीएक्स ३०६० कार्ड १७० वॅटचं. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून पन्नास धरा. बेरीज ३३७. याला चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ शिक्क्याचा (वीज कमी वाया घालवतो याचा दाखला) ५५० वॅट पुरेसा. कार्ड नसेल तर ४५० खूप झाला. ८५० वॅटचा घ्या असं कोणी गळ्यात मारत असेल तर ते पैसे मॉनिटरवर घाला.

अर्थिंग आणि यूपीएस

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं, ही तक्रार जुन्या पेठांतल्या घरांत नेहमीची. मशीन ‘शॉक मारतं’ म्हणून दुकानात परत येतं, तिथे काहीच होत नाही, घरी नेलं की पुन्हा तेच. दोष मशीनचा नसतो. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला, दुसरा न्यूट्रलकडून बॉडीला. घरचं अर्थिंग तुटलेलं असलं की बॉडी या दोघांच्या मधोमध लटकते, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी किरकोळ असतो म्हणून नुसती झिणझिण येते. पण याच अवस्थेत एचडीएमआय किंवा प्रिंटरची वायर चालू मशीनला लावली की ठिणगी उडून पोर्ट जातो.

वायरमनकडून मल्टिमीटरने तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शंभर-दीडशे दाखवून हलत असेल तर अर्थिंग नाही. काही जण प्लगमध्येच अर्थ आणि न्यूट्रल जोडून देतात. हे अजिबात करू देऊ नका, उद्या न्यूट्रल तुटली तर पूर्ण कॅबिनेटवर २३० व्होल्ट येतील. आणि तीन पिनचा प्लग दोन पिनच्या अडॅप्टरमध्ये खुपसणं म्हणजे अर्थिंग असून नसल्यासारखंच.

यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असतं, वॅटमध्ये ते बहुतेक ३६० भरतात. कार्ड नसलेल्या मशीनला पुरे. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते, ती दहा-पंधरा मिनिटं देते, तेवढ्यात फाइल सेव्ह करून मशीन बंद करायचं, काम पुढे ढकलायचं नाही. लेसर प्रिंटर यूपीएसवर कधीच लावू नका. उष्णता दहा अंशांनी वाढली की या बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा ढोबळ नियम आहे, म्हणून पुण्यातल्या एसी ऑफिसात जी बॅटरी तीन वर्षं जाते ती इथे दोन वर्षांतच धापा टाकते.

घरचा इन्व्हर्टर वापरणार असाल तर तो साइनवेव्हचा हवा आणि मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर हवं. चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवर सुमारे १६ मिलीसेकंद दम धरतो. साध्या मोडवर इन्व्हर्टरला बदलायला त्याहून जास्त वेळ लागतो आणि लाईट गेली की मशीन रीस्टार्ट होतं.

पार्ट कोणते

प्रोसेसर आणि बोर्ड जोडीनेच ठरतात. कार्डाशिवाय काम करायचं असेल तर रायझन ५ ५६००जीटी किंवा ५६००जी आणि बी५५० नाहीतर ए५२० बोर्ड, किंवा आय५-१२४०० आणि एच६१०. दोन्हीकडे सहा कोर, बारा थ्रेड. इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असला की आत ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळं कार्ड लावल्याशिवाय पडदा उजळणारच नाही. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी तर कार्ड असलं तरी ‘एफ’ टाळावा, कारण इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक (व्हिडिओवर झटपट प्रक्रिया करणारी सोय) एडिटिंगला मोठा हात देतं आणि ‘एफ’ मध्ये ते जातं.

एच६१० बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतो. नाव जवळपास सारखं, रॅम मात्र एकमेकांत बसत नाही. बोर्ड आणि रॅम वेगवेगळ्या दुकानांतून घेणाऱ्यांची इथेच फसगत होते.

रॅम एक १६ ची न घेता ८ च्या दोन घ्या. अंगचं ग्राफिक्स रॅममधूनच काम करतं, एकच कांडी असली की त्याचा रस्ता अर्धा होतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जोरात चढलेत, त्यामुळे ३२ जीबीची हौस असेल तर चार स्लॉटचा बोर्ड घेऊन आज १६ वर थांबा. एसएसडी एनव्हीएमई प्रकारची (बोर्डवरच्या एम.२ खाचेत बसणारी पट्टी), ५०० जीबी. साटा (जुन्या जोडणीची) एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबते, साधी एनव्हीएमई ३,००० च्या पुढे जाते आणि किमतीत फार फरक नसतो. जुनी डिझाइनं आणि लग्नांचं फूटेज साठवायला वेगळी हार्ड डिस्क.

जेकार्डचं किंवा मार्करचं सॉफ्टवेअर डोंगलवर (मशीनला लावायची परवान्याची चावी) चालत असेल तर मशीन ठरवण्याआधी त्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन करा: डोंगलचा ड्रायव्हर विंडोज ११ वर चालतो का? नाही म्हणाला तर नव्या मशीनसोबत डोंगलचा खर्चही धरावा लागेल.

कॅबिनेटला पुढून जाळी हवी आणि जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर. काचेचा बंद दर्शनी भाग आणि सात रंगांचे दिवे दिसायला झकास, पण मे महिन्यात तो तंदूर आहे.

कोटेशन, बिल आणि वॉरंटी

कोटेशनमध्ये ‘मदरबोर्ड एच६१०’ एवढंच लिहून देत असतील तर घेऊ नका. कंपनी, पूर्ण मॉडेल नंबर, वॉरंटी किती, हे प्रत्येक पार्टपुढे हवं. प्रोसेसर डबाबंद आहे की ‘ट्रे’चा, म्हणजे सुटा, ते विचारा. ट्रेचा स्वस्त पडतो, पण त्यात कूलर नसतो आणि कंपनीची वॉरंटी बहुधा मिळत नाही. भाव आठवड्याला हलतात, म्हणून दोन दुकानांचे आणि ऑनलाइनचे दर एकाच दिवशी घेऊन शेजारी मांडा, आणि १८ टक्के जीएसटी धरून आहे का ते प्रत्येकाला विचारा.

पुण्याचा किंवा सिकंदराबादचा बाजार स्वस्त असतो हे खरं. पण एसएमपीएस बिघडला की तो घेऊन पुन्हा तिकडेच जायचं आहे. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन रात्री परत येण्यात एक दिवसाचा रोजगार आणि तिकीट जातं, शिवाय बदली पार्ट त्याच दिवशी हातात पडेल याची खात्री नाही. आमचा सल्ला असा, की बोर्ड आणि एसएमपीएस, म्हणजे बिघडण्याची शक्यता असलेले दोन पार्ट, गावातल्या दुकानातून घ्या, हजारभर रुपये जास्त पडले तरी. प्रोसेसर आणि रॅम क्वचित बिघडतात, ते कुठूनही घ्या.

बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर उतरवून घ्या. डबे जपून ठेवा. निदान बोर्डच्या सॉकेटवरची प्लास्टिकची टोपी तरी फेकू नका, इंटेलचा बोर्ड वॉरंटीला पाठवताना ती लागते.

जोडणी

जागा लाकडी टेबलाची. गादीवर, चादरीवर मांडामांड करू नका, तंतू सॉकेटमध्ये शिरतात आणि बारीक स्क्रू हरवतात. लागतं फार थोडं: फिलिप्स २ नंबरचा चुंबकी स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, टॉर्च, केबल टाय, एक वाटी स्क्रू ठेवायला. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून टेरिकॉट-नायलॉनचे कपडे टाळा आणि दर थोड्या वेळाने अर्थ मिळालेल्या धातूला हात लावा.

बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा. रायझन ५००० च्या प्रोसेसरला खाली पिना असतात. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा, तरफ वर करा आणि नुसता ठेवा. तो आपल्या वजनाने खाली बसतो. बोटाने दाबावं लागतंय म्हणजे चुकलंय. इंटेलमध्ये पिना सॉकेटमध्ये असतात, तिथे प्रोसेसर ठेवून तरफ खाली आणताना चांगलाच जोर लागतो, कर्र आवाज येतो आणि काळी टोपी आपोआप सुटते. इथे घाबरून अर्ध्यात थांबू नका.

रॅमच्या खाचेची बाजू पाहून दोन्ही टोकांना दाबा, टक आवाज यायला हवा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा. एम.२ एसएसडी तिरपी सरकवा, मग खाली दाबून स्क्रू लावा. तो स्क्रू तिळाहून थोडा मोठा असतो, चिमट्यानेच धरा. वर हीटसिंक येत असेल तर त्याच्या पॅडवरची प्लास्टिकची पापुद्री काढा. ती विसरणारे खूप आहेत.

कूलर. रायझनसोबत येणारा कूलर चार स्प्रिंगच्या स्क्रूंवर बसतो, त्यासाठी बोर्डवरचे दोन काळे प्लास्टिकचे कंस आधी काढावे लागतात. कंस काढताच मागची लोखंडी पट्टी सुटून पडते, तिला खालून हात द्या, ती लागणार आहे. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे फिरवा. एक कोपरा पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर कूलर तिरका बसतो. इंटेलच्या कूलरला चार खुंट्या असतात, त्याही समोरासमोर टक आवाज येईतो दाबा आणि बोर्ड उलटा करून चारही काळी टोकं मागे बाहेर आली आहेत का ते डोळ्याने पाहा. कूलरला पेस्ट लावूनच येते. पुन्हा लावायची वेळ आली तर मधोमध तुरीच्या दाण्याएवढी, बस. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवर.

पुढे कधी रायझनचा कूलर काढायचा झाला तर मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा आणि कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. थंड कूलर सरळ वर ओढला की वाळलेली पेस्ट प्रोसेसरला तरफ लावलेली असतानाही सॉकेटमधून उपटून आणते आणि पिना वाकतात.

आता कॅबिनेटमध्ये घालण्याआधी बाहेरच चालू करून पाहा. बोर्डला २४ पिनची वायर, प्रोसेसरजवळ ‘सीपीयू’ लिहिलेली ८ पिनची वायर, मॉनिटर. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. बायोस दिसलं की अर्धी लढाई जिंकली. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं पडदा काळाच राहतो, रॅमची ओळखपरेड चाललेली असते, बटण दाबत बसू नका.

कॅबिनेटच्या तळाला पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड उचलून धरणाऱ्या खुंट्या, असतात. बोर्डला जिथे भोक तिथेच स्टँडऑफ हवा, एकही जास्त नको. जास्तीचा एक बोर्डच्या पाठीला टेकतो आणि शॉर्ट होतं. मागची पत्र्याची पट्टी आधी बसवा, तिच्या स्प्रिंगचा एखादा पत्रा लॅनच्या भोकात शिरत नाही ना ते पाहून मग बोर्ड सरकवा.

समोरच्या बटणांच्या बारीक वायरी म्हणजे सगळ्यात किचकट काम. पॉवर आणि रीसेट उलटसुलट चालतात, दिव्यांच्या वायरींना मात्र अधिक-उणे असतं, नकाशा बोर्डच्या पुस्तिकेत असतो. यूएसबी ३ चा निळा-काळा रुंद कनेक्टर सरळ दाबा, तिरका गेला की पिना मोडतात आणि त्याला उपाय नाही. मॉड्युलर (वायरी सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या युनिटवर कधी वापरू नका. टोक बसतं, पण पिनांचा क्रम वेगळा असतो आणि डिस्क जळते.

कार्ड असेल तर शेवटी लावा, आणि मॉनिटरची वायर बोर्डऐवजी कार्डला.

बायोसमध्ये तीन कामं: एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करणं, नाहीतर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वर रखडते. टीपीएम चालू आहे ना ते पाहणं. पंख्याचं तापमान-वेग गणित ‘स्टँडर्ड’वर ठेवणं. विंडोजसाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, पण बोर्डच्या साइटवरून लॅन-वायफायचे ड्रायव्हर दुसऱ्या मशीनवर आधीच उतरवून ठेवा. विंडोज ११ मांडणी करताना इंटरनेट मागतं आणि ड्रायव्हर नसेल तर तिथेच अडतं. जुनी डेटाची डिस्क लावायची असेल तर विंडोज पडेपर्यंत काढून ठेवा, चुकीची डिस्क फॉरमॅट झाल्यावर हळहळून उपयोग नाही.

पडदा काळाच राहिला तर

पंखे फिरतात पण चित्र नाही, अशा वेळी या क्रमाने जा. मॉनिटरची वायर योग्य पोर्टला आहे का, प्रोसेसर ‘एफ’चा तर नाही? ८ पिनची सीपीयूची वायर लावली का? ही विसरली जाते तेवढी दुसरी कोणतीच नाही. मग रॅम काढून एकच कांडी दुसऱ्या स्लॉटवर घट्ट बसवा. तरीही नाही, तर मशीन प्लगमधून काढून बोर्डवरचा गोल सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, बायोस मूळपदावर येतं. काही बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतात, जो पेटून राहील तिथे दोष. जुन्या स्टॉकमधला बी४५० बोर्ड आणि ५००० मालिकेचा प्रोसेसर अशी जोडी असेल, तर बायोस जुनं असू शकतं, ते दुकानातूनच अपडेट करून आणा.

मे महिन्याची परीक्षा आणि सुताची धूळ

जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीत जोडलेलं मशीन पास होणारच. खोली २५ अंश असताना प्रोसेसर ७२ वर जात असेल, तर मे महिन्यात ४२ च्या खोलीत तोच ८९ च्या घरात जाईल, कारण कूलर फक्त खोलीच्या वर किती अंश हे ठरवतो. ५६००जी ची मर्यादा ९५. म्हणजे उरले सहा अंश, आणि ते धूळ खाऊन टाकते. म्हणून थंडीत चाचणी घेताना तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो लावून, प्रोसेसरला पूर्ण जोराने राबवणारा सिनेबेंच अर्धा तास चालवा आणि आलेल्या आकड्यात सतरा मिळवा. नव्वदीपलीकडे जात असेल तर मागे एक बाहेर फेकणारा आणि पुढे दोन आत घेणारे पंखे करा. आत येणारी हवा जास्त असली की फटींमधून धूळ ओढली जात नाही, फिल्टरमधूनच येते.

पूर्व भागात, जिथे शेजारी माग चालतो, तिथली धूळ वेगळीच. साधी धूळ झटकली की उडते. सुताचे तंतू कूलरच्या पात्यांखाली, हीटसिंकच्या पत्र्यांच्या तोंडावर एकमेकांत गुंतून नमद्यासारखा थर धरतात. वरून पंखा स्वच्छ दिसतो, फिरतोही, पण हवा खाली जातच नाही. पंख्याचे स्क्रू काढून तो उचलल्याशिवाय हा थर दिसत नाही. अशा ठिकाणी दोन महिन्यांनी, जुळे सोलापूरसारख्या वस्तीत चार-सहा महिन्यांनी साफसफाई धरा.

पुढचा फिल्टर महिन्याला नळाखाली धुऊन पूर्ण वाळवून लावा. ब्लोअर मारताना मशीन प्लगमधून काढलेलं असू द्या, अंगणात न्या आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो हवेने भन्नाट फिरतो, बेअरिंग जातं. एसएमपीएसचं झाकण मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतकी वीज राहते. बाहेरून जाळीतूनच हवा मारा. आणि कार्ड काढलं असेल तर मागच्या रिकाम्या खाचेवर पत्रा लावून टाका, पाली उबेला तिथूनच आत येतात.